तीनशे वर्षं वाजत राहिलेले ऑर्गन: गॉटफ्रीड झिल्बरमानविषयी

तुम्ही पेटी वाजवता, थोडीफार दुरुस्तीही शिकताय आणि मला दोन प्रश्न विचारलेत. जर्मनीतल्या गॉटफ्रीड झिल्बरमानच्या ऑर्गनला ‘चंदेरी आवाजाचा’ म्हणतात, तर त्याच्या नळ्यांच्या धातूत खरंच काही गुपित होतं का? आणि तीनशे वर्षांपूर्वीचं वाद्य आजही दर रविवारी वाजतं, असं त्यानं काय केलं? माझं लहानपण पुण्यात पेट्या आणि पायपेट्यांच्या दुकानात गेलं. पुढे अकरा वर्षं मी जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात जुने ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात काम केलं. त्यामुळे या माणसाच्या वाद्यांच्या आत शिरायची संधी मला मिळाली. जे हाताखालून गेलं त्यावरूनच सांगतो.

धातूत गुपित नव्हतं. ‘झिल्बर’ म्हणजे चांदी, आणि त्याचा कारखाना होता फ्रायबर्ग या गावात, जिथे ११६८ पासून चांदीच्या खाणी होत्या. नाव चांदीचं, गाव चांदीचं, म्हणून आवाजही चंदेरी, असं लोकांच्या तोंडी बसलं. नळ्यांमध्ये चांदीचा कणही नाही. त्या कथील आणि शिशाच्या आहेत, काही लाकडाच्या. कथील म्हणजे तेच, जे कल्हईवाला पितळी पातेल्याला आतून लावतो.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. आपल्याकडे ‘ऑर्गन’ म्हटलं की संगीत नाटकातला, पायांनी भाता मारायचा ऑर्गन डोळ्यांसमोर येतो. तो आणि आपली पेटी एकाच कुळातली. दोन्हींत पितळेच्या जिभा असतात आणि हवा गेली की त्या फटीतून मोकळ्या हलतात. चर्चमधला मोठा ऑर्गन मुळात बासऱ्यांचा समुदाय आहे. प्रत्येक स्वराला वेगळी नळी, आणि प्रत्येक रंगाला अशा नळ्यांची आख्खी रांग. काही रांगांत पितळी जीभ असते खरी, पण ती पेटीच्या जिभेसारखी फटीतून आरपार जात नाही. एका छोट्या पितळी पन्हळीवर आपटते, आणि वरची नळी त्या आवाजाला आकार देते. मुंबईत अफगाण चर्च किंवा सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये गेलात तर अशा नळ्या पाहायला मिळतील. ते ऑर्गन मात्र इंग्रज परंपरेचे, झिल्बरमानच्या घराण्याशी त्यांचा संबंध नाही.

गॉटफ्रीडचा जन्म १४ जानेवारी १६८३ चा, फ्राउएनश्टाइनजवळच्या क्लाइनबोब्रिच या खेड्यातला. वडील सुतार. थोरला भाऊ आंद्रेआस ऑर्गन बांधायला शिकला आणि थेट स्ट्रासबुर्गला जाऊन स्थायिक झाला. हे शहर त्या वेळी फ्रेंच राजाच्या ताब्यात होतं. १७०२ च्या सुमारास गॉटफ्रीड भावाकडे गेला आणि तिथेच कारागीर झाला. मधल्या काळात आंद्रेआस दोन वर्षं पॅरिसला फ्रेंच पद्धत शिकायला गेला, तेव्हा कारखाना धाकट्यानं सांभाळला. आंद्रेआस पॅरिसहून जे घेऊन आला ते गॉटफ्रीडच्या हातात आयतं पडलं.

फ्रेंच ऑर्गनमध्ये जिभेच्या नळ्यांचा झगझगीत आवाज असतो, आणि ‘कॉर्नेट’ नावाची एक रांग असते, जिच्यात एक पट्टी दाबली की पाच नळ्या एकदम वाजतात: मूळ स्वर, त्याचा वरचा षड्ज, त्यावरचा पंचम, आणखी वरचा षड्ज आणि गांधार. तुम्ही तंबोरा नीट लावून ऐकलात तर खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप निघतो ना, तोच गांधार इथे नळीनं मुद्दाम दिलेला असतो. सॅक्सनीच्या ऑर्गनचं बळ वेगळ्या ठिकाणी: पायांनी वाजवायचा भक्कम खर्ज, आणि प्रिन्सिपल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उघड्या नळ्यांच्या थरावर थर. १७१० मध्ये गॉटफ्रीड घरी परतला तेव्हा दोन्ही गोष्टी एका वाद्यात बसवायचं त्याच्या डोक्यात होतं. माझ्या मते त्याच्या आवाजाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

परतल्यावर त्यानं आपल्या फ्राउएनश्टाइन गावात एक छोटा ऑर्गन बांधायला घेतला. लगेच, ऑक्टोबर १७१० मध्ये, फ्रायबर्गच्या कॅथेड्रलनं त्याला मोठं काम दिलं. वय फक्त सत्तावीस, आणि स्वतःच्या नावावर सॅक्सनीत जवळजवळ काहीच नाही. लाइपझिगचा कांटोर (चर्चच्या संगीताचा प्रमुख) योहान कूनाऊ, म्हणजे थोर जर्मन संगीतकार बाखच्या आधी त्या जागेवर असलेला संगीतकार, त्याच्या बाजूनं उभा राहिला. पुढे तयार ऑर्गन तपासायलाही कूनाऊच आला, आल्टेनबुर्गच्या दरबारी ऑर्गनवादकाला सोबत घेऊन. २० ऑगस्ट १७१४ रोजी तो ऑर्गन लोकांसमोर पहिल्यांदा वाजला.

या ऑर्गनवर मला जरा रेंगाळू द्या, कारण मी सगळ्यांत जास्त शिकलो तो इथे. हातांसाठी पट्ट्यांच्या एकावर एक तीन ओळी, पायांसाठी एक. एकूण ४४ रांगा, नळ्या अडीच हजारांहून अधिक. लाकडी दर्शनी भागाची रचना तिथलाच ऑर्गनवादक एलियास लिंडनर यानं केली. समोर उभ्या चकचकीत कथलाच्या नळ्या दिसतात, त्या नुसत्या शोभेच्या नाहीत, वाजतात. मधल्या ओळीवर मुख्य भाग. त्याच्यात उघड्या आठ फुटी प्रिन्सिपलपासून कॉर्नेट, ट्रम्पेटपर्यंत तेरा रांगा. वरच्या भागात नाजूक रंग, त्यात ‘व्होक्स हुमाना’, म्हणजे माणसाच्या आवाजाची नक्कल करणारी जिभेची रांग. वादकाच्या छातीच्या उंचीवर तिसरा छोटा भाग, चटपटीत आणि बारीक आवाजाचा. पायांच्या ओळीत खाली बत्तीस फुटी रांगेपर्यंतचा खर्ज.

‘आठ फुटी’, ‘बत्तीस फुटी’ म्हणजे काय, हे पेटीवाल्याला पटकन कळेल. आपल्याकडे खर्ज, नर, मादी असे सूर असतात, तसंच इथे नळीच्या लांबीवरून सप्तक ओळखतात. खालच्या ‘पांढरी एक’च्या उघड्या नळीची लांबी आठ फूट असेल तर स्वर पट्टीवर लिहिल्याप्रमाणेच वाजतो, चार फुटी असेल तर एक सप्तक वर, सोळा फुटी असेल तर एक सप्तक खाली. नळीचं वरचं तोंड बुचानं बंद केलं की स्वर सप्तकभर खाली उतरतो, म्हणून जागा कमी असेल तिथे बंद नळ्यांचा खर्ज देतात.

पट्टीपासून नळीपर्यंत सगळं लाकडाच्या पातळ फितींनी जोडलेलं असतं. तुम्ही बोट दाबता, त्या फिती ओढल्या जातात आणि ओकच्या पेटीतली एक झडप उघडते. बोट किती हळू उठवलं ते नळीपर्यंत पोचतं, म्हणून वादकाच्या स्पर्शाला अर्थ उरतो. पहिल्यांदा त्या पट्टीवर बोट ठेवलं तेव्हा झडप उघडतानाचा जो बारीकसा अडथळा जाणवला, तो मी विसरलेलो नाही. चांगल्या जुन्या पेटीची स्प्रिंग जशी बोटाला उत्तर देते, अगदी तसा.

हवेसाठी पाचरीच्या आकाराचे मोठे भाते असत. माणसं पायांनी एकेक भाता उचलत, आणि तो स्वतःच्या वजनानं सावकाश खाली बसताना हवा देई. हवेचा दाब मोजायला पाण्याची काचनळी वापरत; ते यंत्र सतराव्या शतकात क्रिस्टियान फ्योर्नर या जर्मन कारागिरानं काढलं. पेटी दुरुस्त करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपण भात्याची गळती कानानं शोधतो, पण दाब किती हे क्वचित मोजतो. ऑर्गनमध्ये दाब जरा बदलला तरी हजारो नळ्यांचा स्वर आणि रंग दोन्ही हलतात.

आता आवाजाचं उरलेलं निम्मं उत्तर. नळी बनवणं हे कष्टाचं काम आहे. कथील आणि शिसं वितळवून लांब टेबलावर ओतायचं, पत्रा तयार करायचा, रंध्यानं जाडी कमी करायची, गोल साच्यावर वळवायचं, झाळायचं. ते कोणताही चांगला कारागीर करतो. मात्र नळीला बोलतं करणं हे वेगळंच काम. नळीच्या पायातून हवा येते, आतल्या आडव्या पडदीच्या आणि खालच्या ओठाच्या मधल्या बारीक फटीतून पात्यासारखी निघते आणि वरच्या ओठावर आदळते. बासरीत फुंकर तुमच्या ओठांची असते, इथे तीच फुंकर कायमची बांधून ठेवलेली असते. वरचा ओठ जितका खाली, तितका आवाज उपस्वरांनी भरलेला, धारदार. ओठ वर कापत गेलात की आवाज गोल होत जातो, आणि फार वर गेलात की मंद पडतो. पायाचं छिद्र किती, फट किती, पडदी किती वर-खाली, या चार-पाच गोष्टींचं एकमेकींशी जुळणं म्हणजे त्या नळीचा आवाज. आणि असं प्रत्येक नळीला करायचं असतं, तेही शेजारच्या नळीशी जुळवून, त्याच इमारतीत, तिथल्या गुंजेत.

नवशिका असताना मी एका नव्या नळीचा वरचा ओठ केसभर जास्त कापला. ती जुन्या रांगेतल्या एका हरवलेल्या नळीच्या जागी बसायची होती. स्वर बरोबर होता, जोरही बरोबर, पण शेजारच्या दोघींमध्ये ती कायम परकी वाटायची. कापलेला ओठ परत जोडता येत नाही. नळी वितळवून पुन्हा पहिल्यापासून केली. त्या दिवसानंतर झिल्बरमानच्या ओळीनं उभ्या असलेल्या नळ्यांचे ओठ मी फार लक्ष देऊन पाहायला लागलो. साध्या खेड्यातल्या ऑर्गनमध्येही ते तितकेच नेमके कापलेले आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक कारागिरांनी पडदीच्या कडेला खोल दाते पाडून नळीचा बोलण्याआधीचा ‘त्’ घालवून टाकला. झिल्बरमानच्या नळ्यांत तो उच्चार शिल्लक आहे, आणि तोच कानाला ‘चंदेरी’ वाटतो, असं माझं मत आहे.

त्याच्या कामाच्या पद्धतीतही काही गूढ नव्हतं. सगळ्या आयुष्यात त्यानं सुमारे ५० ऑर्गन बांधले. नवनवीन आराखडे काढत बसला नाही. खेड्यासाठी पट्ट्यांच्या एका ओळीचा, दोन ओळींचा, मोठ्या चर्चसाठी तीन ओळींचा, असे थोडे नमुने ठरवले आणि नळ्यांची मापं पुन्हा पुन्हा तीच वापरली. त्यामुळे दर वेळी नवं डोकं लढवण्यात वेळ न जाता तो सगळा वेळ आवाज घडवण्यात गेला. हा फरक फार मोठा आहे. मी पाहिलेले कमजोर ऑर्गन बहुतेक वेळा अपुऱ्या कौशल्यामुळे नाही, तर शेवटचे तीन आठवडे हातात उरले नाहीत म्हणून कमजोर राहिले. करारात रांगांची यादी, साहित्य आणि किंमत स्पष्ट लिहिलेली असे. सामान वाहून आणणं, कारागिरांना राहायला जागा देणं, हे गावाकडे. साहित्यात तो काटकसर करत नसे: पक्का वाळलेला ओक, समोरच्या नळ्यांना जवळजवळ शुद्ध कथील. त्याच्या ऑर्गनमध्ये तीनशे वर्षांनंतरही न वाकलेली ओकची पेटी पाहिली की त्या पैशाचं मोल कळतं.

१७२३ मध्ये सॅक्सनीचा इलेक्टर (शासक) आणि पोलंडचा राजा ऑगस्ट द स्ट्राँग यानं त्याला दरबारी आणि प्रांतीय ऑर्गनकाराची पदवी दिली. नुसता मान नव्हता तो. धंद्यावरची पकडही होती. आणि ही पकड तो सोडत नसे. त्याचा सगळ्यांत गुणी शिष्य त्साखारियास हिल्डेब्रांट. शिकतानाच त्याच्याकडून करार लिहून घेतला होता की, गुरूच्या परवानगीशिवाय सॅक्सनीत स्वतंत्र काम करणार नाही. हिल्डेब्रांट स्वतंत्र झाला, लाइपझिगजवळच्या श्ट्योर्मथाल गावी ऑर्गन बांधला. नोव्हेंबर १७२३ मध्ये त्या ऑर्गनच्या उद्घाटनाला खुद्द योहान सेबास्टियन बाख आला. इकडे झिल्बरमाननं कायद्याची वाट धरली, आणि तडजोडीत शिष्याच्या वाट्याला जवळपास गुरूनं नको म्हटलेलीच कामं आली. माझं मन इथे हिल्डेब्रांटकडे झुकतं. आपल्याकडच्या घराण्यांतही गुरूनं शिष्याला जाहीर गाऊ न दिल्याच्या गोष्टी ऐकल्या आहेत, आणि त्या कधीच बऱ्या वाटल्या नाहीत.

तरी पुढे काय झालं ते पाहा. हिल्डेब्रांटनं नाउमबुर्गच्या सेंट वेंत्सेल चर्चमध्ये पट्ट्यांच्या तीन ओळींचा मोठा ऑर्गन बांधला. सप्टेंबर १७४६ मध्ये तो तपासायला दोन जण आले: बाख आणि झिल्बरमान. गुरूनं शिष्याच्या कामावर पसंतीची सही केली. तो ऑर्गन आजही वाजतो, आणि खरं सांगायचं तर खर्जाच्या गांभीर्यात मला तो फ्रायबर्गपेक्षा काकणभर सरस वाटतो.

आता जिथे झिल्बरमान चुकला, किंवा निदान हट्टाला पेटला, ती गोष्ट. तुम्हाला ती लगेच कळेल, कारण पेटीवाल्यांचा जुनाच वाद आहे हा. आपली आजची पेटी बारा सारख्या भागांत लावलेली असते. षड्जापासून गांधार ४०० सेंटांवर येतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). गळ्यातला, तंबोऱ्यातला शुद्ध गांधार ३८६ च्या आसपास. म्हणून गवई म्हणतात पेटीचा गांधार चढा आहे. झिल्बरमाननं ऑर्गन असे लावले नाहीत. त्यानं पंचम किंचित आखूड केले, प्रत्येक पंचम साडेतीन-चार सेंटांनी, आणि त्या बदल्यात बहुतेक गांधार ३९२-३९४ पर्यंत खाली आणले, म्हणजे शुद्ध गांधाराच्या बरेच जवळ. पांढरी एकवर षड्ज धरून मोठा स्वरमेळ, म्हणजे षड्ज, शुद्ध गांधार आणि पंचम एकदम, वाजवा, तो ऐकताना अंगावर शहारा येतो इतका शांत असतो. कॉर्नेटमधली गांधाराची नळी इतर नळ्यांच्या गांधाराशी फारशी भांडत नाही. ‘चंदेरी’ आवाजात या लावण्याचाही वाटा आहे, हे ऑर्गनवर लिहिणारे अनेक जण विसरतात.

पण हिशेब कुठेतरी चुकता करावाच लागतो. अकरा पंचम आखूड केले की बारावा आपोआप लांब होतो. तो बारावा म्हणजे काळी चारवर षड्ज धरला तर काळी दोनवर येणारा पंचम. तो शुद्ध पंचमापेक्षा १६ ते २० सेंट चढा होतो आणि लांडग्यासारखा ओरडतो. युरोपात त्याला ‘लांडगा’च म्हणतात. आणि काळी एक, काळी तीन, काळी चार, पांढरी सात, या चार जागांवर षड्ज धरला तर गांधार ४१३ सेंटांच्याही वर जातो. तिथे मोठा स्वरमेळ ऐकवत नाही.

झिल्बरमानचं म्हणणं असं असावं की बरंच कामकाज पांढऱ्या पट्ट्यांच्या आसपास चालायचं, चर्चच्या भजनांना ते पुरे होतं. पण काळ पुढे सरकला होता. बाख सगळ्या चोवीस मेळांत, म्हणजे बाराही स्वरांवर षड्ज धरून, लिहीत होता. १७४८ मध्ये लोबेनश्टाइनचा ऑर्गनवादक गेओर्ग आंद्रेआस झोर्ग यानं झिल्बरमानच्या लावण्यावर उघड टीका छापली आणि बाखच्या नावाचा आधार दिला. झिल्बरमान बधला नाही. मला दोघांची बाजू कळते. गवयाच्या साथीला बसताना मी स्वतः शुद्ध गांधाराची पेटी पसंत करतो. एकाच मैफलीत पाच पट्ट्या बदलायच्या असतील तर नाही. पुढच्या शतकात बहुतेक ठिकाणी हे लावणं बदलून समान केलं गेलं. त्यासाठी नळ्यांची टोकं कापावी, दाबावी किंवा फाकवावी लागली. जुन्या खुणा पाहून मूळ लावणं काय असेल ते शोधणं हा दुरुस्तीतला सगळ्यांत संयमाचा भाग असतो. थंडीतल्या चर्चमध्ये तर तापमानाचाही हिशेब: एक अंश सेल्सिअस वाढलं की उघड्या नळीचा स्वर सुमारे तीन सेंट चढतो, पितळी जिभेचा जवळजवळ जागेवर राहतो. म्हणून दुपारी लावलेलं पहाटे जुळत नाही.

पट्टीबद्दलही, म्हणजे वाद्य मुळात किती उंच लागतं त्याबद्दलही, एक सांगायला हवं. फ्रायबर्गचा ऑर्गन आजच्या ४४० हर्ट्झच्या मानानं अर्ध्या स्वराहूनही वर लागतो. चर्चच्या ऑर्गनची तशीच रीत होती. सॅक्सनीची राजधानी ड्रेस्डेन इथल्या दरबारी चर्चमधला मात्र दरबारी वाद्यवृंदाबरोबर वाजायचा, म्हणून तो खाली, ४१५ च्या आसपास.

बाखचं आणि त्याचं नातं फक्त वादाचं नव्हतं. बाखनं १७२५ आणि १७३१ मध्ये ड्रेस्डेनच्या सोफिया चर्चमधल्या झिल्बरमानच्या ऑर्गनवर जाहीर वादन केलं. बाखचा मोठा मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान १७३३ पासून तिथला वादकच होता. १ डिसेंबर १७३६ रोजी बाखनं ड्रेस्डेनच्याच फ्राउएनकिर्खे या नव्या चर्चच्या झिल्बरमान ऑर्गनवर वादन केलं.

पियानोची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथे झिल्बरमान टीका ऐकणारा दिसतो. इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं हातोडीचं वाद्य काढलं होतं. त्याचं वर्णन १७२५ मध्ये जर्मनमध्ये छापून आलं. झिल्बरमाननं तशी वाद्यं बनवली आणि बाखला दाखवली. बाखनं आवाजाची स्तुती केली, पण वरचे स्वर दुबळे आहेत आणि पट्टी जड जाते असं स्पष्ट सांगितलं. झिल्बरमान दुखावला, पण कित्येक वर्षं ते वाद्य सुधारत राहिला, आणि नंतर बाखनं संपूर्ण पसंती दिली. ही हकिगत बाखचा शिष्य आग्रिकोला यानं नोंदवून ठेवली आहे. प्रशियाचा राजा फ्रेडरिक यानं झिल्बरमानची अनेक पियानो वाद्यं घेतली, आणि मे १७४७ मध्ये बाख पॉट्सडॅमला राजाकडे गेला तेव्हा त्यांवर वाजवलं. एवढंच नाही, मे १७४९ ची एक पावती आहे, तीत बाखनं पोलंडच्या एका सरदाराला झिल्बरमानचा पियानो विकताना मध्यस्थी केल्याचं दिसतं. ऑर्गनच्या लावण्यावर भांडण आणि पियानोची विक्री, दोन्ही एकाच माणसाशी. त्याच्या हाताचे पियानो आज पॉट्सडॅम आणि न्यूरेंबर्गला पाहायला मिळतात. त्यात सगळ्या तारा एकदम मोकळ्या सोडायची खुंटीही आहे. आजच्या पियानोचं पायाचं पेडल तेच काम करतं.

त्याचं शेवटचं काम ड्रेस्डेनच्या कॅथलिक दरबारी चर्चचं. १७५० मध्ये २०,००० थालरांचा (थालर म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं) करार झाला. काम संपायच्या आत, ४ ऑगस्ट १७५३ रोजी, तो ड्रेस्डेनमध्ये वारला. लग्न केलं नव्हतं. तो ऑर्गन पुरा केला त्याच हिल्डेब्रांटनं, ज्याला एके काळी त्यानं कोर्टात खेचलं होतं. १७५५ मध्ये तो वाजू लागला. १७८९ मध्ये त्यावर संगीतकार मोत्सार्ट आणि ऑर्गनवादक हेस्लर यांच्यात चढाओढ झाली.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ते टिकले कसे? सगळे टिकले नाहीत. झिटाऊचा, १७४१ मधला, सोळा वर्षांत तोफांच्या भडिमारात जळाला. ड्रेस्डेनची सोफिया चर्च आणि फ्राउएनकिर्खे यांतले दोन्ही ऑर्गन फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गेले. दरबारी चर्चच्या नळ्या वाचल्या त्या फक्त १९४४ मध्ये कुणीतरी शहाणपणानं उतरवून शहराबाहेर नेल्या म्हणून. लाकडी दर्शनी भाग जळाला, तो पुढे पुन्हा केला. फ्राउएनकिर्खे २००५ मध्ये परत उभी राहिली तेव्हा झिल्बरमानचा ऑर्गन जसाच्या तसा पुन्हा करावा की नवा, यावर जर्मनीत मोठा वाद झाला, आणि शेवटी नवा ऑर्गन स्ट्रासबुर्गच्या केर्न यांच्या कारखान्यातून आला. मला तेव्हा हुबेहूब प्रतीचं म्हणणं पटत होतं. आता तसं वाटत नाही. आवाज ज्या हातानं घडवला तो हात मिळत नसेल, तर प्रत नावाचीच राहते.

जे तिसाच्या आसपास शिल्लक आहेत, त्यांतले कित्येक खेड्यांत किंवा छोट्या शहरांत आहेत: ग्रोसहार्टमान्सडॉर्फ, हेल्बिग्सडॉर्फ, फोर्खहाइम, राइनहार्ट्सग्रिमा, रोएथा. ते टिकण्यात त्याच्या कारागिरीचा वाटा आहेच. पण मी ज्या जुन्या लोकांबरोबर काम केलं ते एक गोष्ट आवर्जून सांगत: एकोणिसाव्या शतकात श्रीमंत शहरांनी जुने ऑर्गन मोडून फॅशनचे नवे केले, गरीब खेड्यांकडे तेवढे पैसे नव्हते. त्यांचं भाते शिवून, चामडं बदलून काम भागत असे. आणि झिल्बरमानचा ऑर्गन असा बांधलेला होता की तो एवढ्यावरच चालत राही. झडपा हाताशी, भाग सुटे करता येणारे, कुठेही एखादा भाग दुसऱ्यामागे अडकवलेला नाही. दुरुस्तीवाल्याला आत जाता आलं तर तो वाद्य फेकून देत नाही. पेटी बनवताना हे आठवा: सुरांची पाटी सहज निघाली पाहिजे.

ऐकायचं असेल तर सुरुवात फ्रायबर्गपासून करा. एकाच गावात त्याचे चार ऑर्गन आहेत: कॅथेड्रलमध्ये दोन, त्यांतला छोटा १७१९ चा, दुसऱ्या चर्चमधून १९३९ मध्ये आणलेला, याकोबी चर्चमधला १७१७ चा, आणि पेट्री चर्चमधला १७३५ चा, पट्ट्यांच्या दोनच ओळींचा पण छातीत घुमणारा. आधी याकोबीचा ऐका, लहान चर्चमध्ये, जवळ बसून. वादकाला विनंती करून फक्त एक आठ फुटी प्रिन्सिपल ऐकवायला सांगा, बाकी सगळं बंद ठेवून, सावकाश, एकेक स्वर. प्रत्येक नळीच्या सुरुवातीचा ‘त्’ ऐका. मग त्याच रांगेवर चार फुटी, दोन फुटी चढवत जायला सांगा, आणि प्रत्येक वेळी नवी रांग वेगळी ऐकू येते की पहिल्या रांगेत मिसळून जाते ते लक्ष देऊन ऐका.